गांजा, दंडुका आणि पीटर टोश

२२ एप्रिल १९७८ च्या रात्रीचा एक फोटो जमैकाचं रेगे संगीत ऐकणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला असतो. ठिकाण किंग्स्टनचं नॅशनल स्टेडियम. मधोमध घामाने निथळणारा बॉब मार्ले, एका बाजूला जमैकाचे पंतप्रधान मायकेल मॅन्ली, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षनेते एडवर्ड सियागा, आणि मार्लेने दोघांचे हात धरून आपल्या डोक्यावर एकत्र आणलेले. दोघा पुढाऱ्यांचे चेहरे निरखून बघावेत असे आहेत. मानपानावरून बिनसलेल्या व्याह्यांना फोटोग्राफरने ‘जरा जवळ या’ म्हटल्यावर होतात, अगदी तसे.

त्याच रात्री त्याच मंचावर मार्लेच्या आधी पीटर टोश येऊन गेला होता. मार्लेचा जुना साथीदार, वेलर्स या बँडच्या मूळ तिघांतला एक. आपल्या वेळेला त्याने चित्रीकरण होऊ दिलं नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला असा गाजलेला क्षण आला नाही. ध्वनिमुद्रण मात्र आहे. ते ऐकताना आधी गाण्यांकडे लक्ष जातच नाही, कारण दोन गाण्यांच्या मधे हा माणूस बोलत सुटतो. समोर मॅन्ली आणि सियागा बसलेत, तीसेक हजार लोक जमलेत, कार्यक्रमाचं नावच मुळी ‘वन लव्ह पीस कॉन्सर्ट’, आणि टोश सांगतोय की शांतता हे कब्रस्तानात मिळणारं प्रमाणपत्र आहे, थडग्यावर लिहून देतात ते. कोलंबस, हेन्री मॉर्गन, फ्रान्सिस ड्रेक अशी सगळ्या चाच्यांची हजेरी घेतो. त्यांनी घालून दिलेली घडी अजून तशीच आहे म्हणतो. मी राजकारणी नाही, पण राजकारणाची फळं मला भोगावी लागतात, म्हणतो. गोरगरिबांना गांजाच्या विडीवरून पोलीस कसे बदडतात ते सांगतो. आणि मग तिथेच, पंतप्रधान आणि पोलिसांच्या देखत, विडी पेटवतो.

टोशची म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, ती या विडीपाशी संपते. बंडखोर, बेफिकीर, गांजेकस. गोव्यात अंजुण्याच्या बाजारात मार्लेचे टी-शर्ट ढिगाने लागलेले असतात. त्यात कुठेतरी टोशचा एखादा सापडलाच, तर त्यावरही पानच असतं, पाच-सात टोकांचं हिरवं. त्याचा अल्बम ‘लीगलाइज इट’ मौजेचा आणि ‘इक्वल राइट्स’ गंभीर, अशी वाटणी बहुतेकांच्या डोक्यात पक्की असते. मला ही वाटणीच मान्य नाही. टोशच्या बाबतीत गांजाचं गाणं आणि हक्काचं गाणं हे एकच गाणं आहे.

माझ्याकडे टोश आला तो आतेभावामुळे. तो बोटीवर होता. सुट्टीवर आला की साबण, चॉकलेटं आणि कॅसेटी आणायचा. त्यातल्या एका कॅसेटच्या कव्हरवर काळा चष्मा आणि बेरेट टोपी घातलेला चेहरा ओळीने पुन्हा पुन्हा छापलेला होता. तो ‘इक्वल राइट्स’. आईने एकदा विचारलं, हा काय म्हणतोय रे एवढं खर्जात? देवाचं आहे, असं मी सांगून टाकलं. तसं ते खोटं नव्हतं. दर दोन गाण्यांआड ‘जाह’, म्हणजे देव, येतोच. पण शब्द नीट कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि ते कळायला जमैकाच्या पश्चिम टोकापर्यंत जावं लागलं. म्हणजे पुस्तकांतून.

टोशचं खरं नाव विन्स्टन ह्युबर्ट मॅकिंटॉश. जन्म १९ ऑक्टोबर १९४४, वेस्टमोरलंड परगण्यातल्या ग्रेंज हिलचा. हा उसाचा मुलूख. गाव सोडून थोडं पुढे गेलं की फ्रोमचा साखर कारखाना. टोशच्या जन्माआधी सहा वर्षं, मे १९३८ मध्ये, याच फ्रोमला मजुरीवरून कामगार भडकले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, चार माणसं मेली. तो वणवा बेटभर पसरला आणि त्यातूनच जमैकाचे दोन्ही मोठे पक्ष उभे राहिले: त्याच वर्षी नॉर्मन मॅन्लींचा पीएनपी आणि १९४३ मध्ये अलेक्झांडर बुस्टामांटेंचा जेएलपी. मॅन्ली आणि बुस्टामांटे नात्याने भाऊच. म्हणजे चाळीस वर्षांनी स्टेडियममध्ये टोशसमोर बसलेले दोघे जण त्याच्याच गावाकडच्या उसाच्या फडातल्या रक्तातून निघालेल्या पक्षांचे वारस होते. एक तर नॉर्मन मॅन्लींचा सख्खा मुलगा. टोशने हा हिशेब त्या रात्री मांडला नाही, पण तो मनात धरून ते ध्वनिमुद्रण ऐकलं की त्याचा आवाज वेगळा लागतो.

याच उसाच्या फडात आपली माणसंही होती. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर मळेवाल्यांना मजूर मिळेनात, म्हणून हिंदुस्थानातून करारावर माणसं न्यायला सुरुवात झाली. ‘ब्लंडेल हंटर’ म्हणा की ‘ब्लंडेल’, नावाची नोंद दोन-तीन प्रकारे सापडते, पण १० मे १८४५ ला पहिलं जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं. पुढे १९१७ पर्यंत छत्तीस-सदतीस हजार माणसं गेली, बहुतेक भोजपुरी मुलखातली. त्यांच्याबरोबर चिलीम गेली, गांजा गेला, आणि ‘गांजा’ हे नावही गेलं. वेस्टमोरलंडमध्ये त्यांची वस्ती दाट. शेजारचा काळा मजूर दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी झुरका मारायला कोणाकडून शिकला असेल, हे सांगायला नको. गांजाला पवित्र मानणाऱ्या रास्ताफारी पंथाचा एक आद्य प्रवर्तक लेनर्ड हॉवेल स्वतःला ‘गंगुनगुरू मारघ’ म्हणवून घ्यायचा. त्यातला ‘मारघ’ म्हणजे आपला महाराज. त्याने १९४० मध्ये वसवलेली पिनॅकल ही वस्ती पोलिसांनी १९५४ मध्ये उद्ध्वस्त केली. कारण होतं गांजा.

इथे इंग्रजांच्या कारभाराची गंमत बघण्यासारखी आहे. हिंदुस्थानात त्यांनी १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेची चौकशी करायला मोठा आयोग नेमला. माफक सेवनाने फारसं बिघडत नाही, बंदीपेक्षा कर आणि परवाने बरे, असा त्याचा सूर होता. त्याच साम्राज्याने जमैकात १९१३ मध्ये गांजाविरुद्ध कायदा केला. इकडे महसूल, तिकडे तुरुंग. पुढे त्या कायद्याची कलमं कडक होत गेली आणि तो कुणावर चालवायचा हे ज्याच्या त्याच्या पेठेवरून ठरू लागलं. वरच्या वस्तीतल्या बंगल्यात ओढणाऱ्याच्या दारात पोलीस जात नव्हता. ट्रेंच टाउन या किंग्स्टनच्या गरीब वस्तीत खिसे उलटेपालटे करून बघायचा.

टोश या ट्रेंच टाउनला आला तो किशोरवयात. त्याआधीची एक गोष्ट त्याच्याबद्दल नेहमी सांगतात. गावाकडे कुणीतरी गिटार वाजवत होता. पोरगा अर्धा दिवस नुसता त्याच्या बोटांकडे बघत बसला, मग गिटार मागून घेतली आणि ऐकलेलं गाणं जसंच्या तसं वाजवून दाखवलं. ऐकीव गोष्टी अशा वाढतातच. पण वेलर्स सुरू झाले तेव्हा तिघांत वाद्य नीट वाजवता येणारा टोशच होता आणि मार्लेला गिटार धरायला त्यानेच शिकवलं, हे सगळेच मान्य करतात. गळा तयार करून घेतला जो हिग्ज या गायकाने. ट्रेंच टाउनच्या अंगणात तो या पोरांना फुकट शिकवायचा, स्वर कुठे सोडायचा आणि दुसऱ्याच्या सुराला आपला कसा चिकटवायचा ते. मार्लेचा आवाज मधला, बनी लिव्हिंग्स्टनचा वरचा, टोशचा खालचा. जुनी वेलर्सची गाणी ऐकताना तो खालचा सूर काढून टाकून बघा, गाणं हवेत लटकतं.

रेगेत गिटारचं काम म्हटलं तर अगदीच क्षुल्लक आहे. ठोक्यांच्या मधल्या जागेत एक कोरडा फटका, बास. ‘वन ड्रॉप’ नावाच्या ठेक्यात ढोलकरी पहिली मात्रा चक्क रिकामी सोडतो आणि सगळा भार तिसरीवर टाकतो. समेची वाट बघायची सवय असलेल्या आपल्या कानाला सुरुवातीला पायरी चुकल्यासारखं होतं. मग बास गिटार येते आणि सांगते, घाबरू नको, जमीन इथे आहे. ‘इक्वल राइट्स’मधलं ‘स्टेपिंग रेझर’ या दृष्टीने ऐकावं. रचना मूळ जो हिग्जची, पण टोशने ती अंगाला अशी चढवली की ते त्याचंच टोपणनाव झालं. रॉबी शेक्सपिअरच्या हातात बास नुसती साथ करत नाही, चाल चालते. आणि वर टोश अजिबात न ओरडता, जवळजवळ गप्पा मारल्यासारखा सांगतो की मी धोकादायक आहे. ओरडला असता तर खरं वाटलं नसतं.

वेलर्स फुटले त्याची कारणं अनेकांनी चिवडली आहेत. १९७३ मध्ये आयलंड या रेकॉर्ड कंपनीने ‘कॅच अ फायर’ आणि ‘बर्निन’ काढले, ‘गेट अप, स्टँड अप’ हे मार्ले आणि टोशने मिळून लिहिलेलं गाणं त्यातलंच. पण मालक ख्रिस ब्लॅकवेलला पुढे करायचा होता मार्ले, आणि टोशच्या स्वभावात कुणाच्या मागे उभं राहणं नव्हतं. त्याच वर्षी मोटार अपघातात त्याची मैत्रीण गेली, त्याचं स्वतःचं डोकं फुटलं. तो बाहेर पडला. बनीही पडला. यात मार्लेला खलनायक करणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. मार्लेला जगभर पोचायचं होतं आणि त्यासाठी आवाज थोडा गोड करायला त्याची हरकत नव्हती. टोशची होती, इतकंच.

‘लीगलाइज इट’ १९७६ चा. कव्हरवर टोश वेस्टमोरलंडच्या गांजाच्या शेतात बसलेला, म्हणजे आपल्याच परगण्यात. जमैकाच्या रेडिओने गाण्यावर बंदी घातली. त्यात शिवीगाळ नाही, चिथावणी नाही. काय आहे? यादी आहे. डॉक्टर ओढतात, नर्स ओढतात, न्यायाधीश ओढतात, वकीलसुद्धा. रोगांचीही यादी आहे, दम्यापासून क्षयापर्यंत. विद्यार्थी असताना आम्हाला हे म्हणजे मोठा विनोद वाटायचा आणि कोरसला आम्ही बाकं वाजवायचो. पण न्यायाधीश आणि वकिलाचं नाव तिथे हसवायला आलेलं नाही. कायदा चालवणारेच ओढतात आणि ओढल्याबद्दल आत जातो तो तिसराच, हे त्या यादीत आहे. पुढच्याच वर्षी ‘इक्वल राइट्स’मध्ये त्याने म्हटलं की शांतीसाठी सगळे गळा काढतायत, न्याय कुणीच मागत नाही. आधीच्या गाण्यात पुरावा, नंतरच्यात मागणी.

आता पुन्हा १९७८. एप्रिलच्या त्या रात्रीची किंमत सप्टेंबरात वसूल झाली. किंग्स्टनच्या हाफ वे ट्री भागात टोश रस्त्यावर उभा होता, हातात विडी होती. पोलिसाने हटकलं, झटापट झाली, त्याला ठाण्यात नेलं आणि तिथे अनेकांनी मिळून मारलं. हात मोडला, डोक्याला टाके पडले. मेल्याचं सोंग घेतलं म्हणून जिवानिशी सुटलो, असं तो नंतर सांगायचा. ‘लीगलाइज इट’ लिहिणाऱ्याला गांजाच्या विडीवरून मरेस्तोवर मारलं, याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि ती शांतता? कार्यक्रमाच्या मागे होते किंग्स्टनच्या दोन विरोधी टोळ्यांचे दोन म्होरके, जेएलपीच्या बाजूचा क्लॉडी मॅसप आणि पीएनपीच्या बाजूचा बकी मार्शल. तुरुंगात भेट झाली, जानेवारीत दोघांनी तह केला, लंडनला जाऊन मार्लेला घेऊन आले. मॅसप १९७९ च्या फेब्रुवारीत पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मार्शल १९८० मध्ये न्यूयॉर्कला मारला गेला. त्याच वर्षीच्या निवडणुकीपर्यंत देशात आठशेच्या आसपास माणसं राजकीय मारामाऱ्यांत गेली. मंचावरचे ते हात एकत्र आले होते ते फोटोपुरतेच. मार्लेची इच्छा खोटी होती असं मी म्हणत नाही. टोशचं निदान खरं होतं, एवढंच.

पीस कॉन्सर्टच्या त्या रात्री गर्दीत रोलिंग स्टोन्स या बँडचा मिक जॅगर होता. त्याने टोशला आपल्या रेकॉर्ड कंपनीत घेतलं, ‘बुश डॉक्टर’ हा अल्बम निघाला, जॅगरबरोबरचं एक जुनं प्रेमगीत बऱ्यापैकी चाललं. मग काही काळ टोश जॅगरचा साथीदार कीथ रिचर्ड्सच्या ओचो रिओसच्या घरात राहायला गेला आणि मालक परत आला तरी निघेना. शेवटी धमक्यांवर गेलं. ऐंशीच्या दशकातला टोश मी क्वचित लावतो. डिस्कोची फोडणी दिलेली गाणी आहेत, एका अमेरिकन रॉक-अँड-रोलची चांगली जमलेली नक्कल आहे, चाहत्याने दिलेली एम-१६ बंदुकीच्या आकाराची गिटार आहे. एकचाकी सायकलही चालवायचा तो. वाढत्या संशयाने आणि भुताखेतांच्या भीतीने घेरलेला माणूसही याच काळातला. संत करून ठेवावा असा तो कधीच नव्हता, आणि त्याला तसं करणाऱ्यांनी त्याच्या मुलाखती ऐकलेल्या नसाव्यात.

११ सप्टेंबर १९८७ च्या संध्याकाळी बार्बिकनमधल्या त्याच्या घरात तिघे बंदुका घेऊन घुसले. त्यांचा पुढारी डेनिस लोबन ओळखीचा होता; तुरुंगातून सुटल्यावर टोशनेच त्याला मदत केली होती. पैसे मागितले, ते घरात नव्हते. टोश, त्याचा मित्र विल्टन ब्राउन आणि रेडिओवरचा जेफ ‘फ्री आय’ डिक्सन तिघे मेले. ड्रमर सँटा डेव्हिससकट बाकीचे जखमी झाले. लोबनला फाशीची शिक्षा झाली, पुढे तिची जन्मठेप झाली. इतर दोघे कधीच सापडले नाहीत. टोश बेचाळीस वर्षांचा होता. अणुबॉम्बविरोधी गाण्यांच्या त्याच्या शेवटच्या अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. त्याला पुरलं ते बेलमाँटला, वेस्टमोरलंडमध्येच, समुद्राच्या काठाला.

मार्लेला जमैकाचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ १९८१ मध्ये, मरायच्या आधी मिळाला. टोशला तो २०१२ मध्ये दिला, मेल्यावर पंचवीस वर्षांनी. २०१६ मध्ये किंग्स्टनला त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं, तिथे ती एकचाकी सायकल आहे. २०१५ मध्ये कायदा बदलला: दोन औंसांपर्यंत गांजा बाळगणं गुन्हा उरलं नाही, पाचशे जमैकन डॉलर दंड आणि विषय संपला, घरटी पाच झाडं लावता येतात, रास्ताफारींना धर्मकार्यासाठी मुभा आहे. धंद्यासाठी मात्र परवाना लागतो, आणि परवान्याला कुंपण, पहारा, कागदपत्रं, फी. वर्षानुवर्षं डोंगरात चोरून पिकवणारा आणि त्यापायी मार खाणारा शेतकरी या रांगेत कुठे उभा आहे, हा प्रश्न जमैकात अजून भांडणाचा आहे. टोशच्या यादीतले वकील पुन्हा उपयोगी पडत असणार, दुसऱ्या कामासाठी.

त्याचा मुलगा जवारा मॅकिंटॉश, हाही संगीतकार, ‘टोश वन’ नावाने गायचा. २०१३ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला त्याला गांजा नेताना पकडलं. २०१७ च्या सुरुवातीला तो शिक्षा भोगायला आत गेला आणि काही आठवड्यांतच दुसऱ्या कैद्याने केलेल्या मारहाणीत त्याच्या मेंदूला जबर इजा झाली. तो पुन्हा बोलू शकला नाही. बहीण नियांबी, जी वडिलांचा वारसा सांभाळते, तेव्हापासून गांजाच्या कायद्यांनी कुणाची घरं मोडतात ते ठिकठिकाणी जाऊन सांगते. जवारा जुलै २०२० मध्ये वारला. त्याच नोव्हेंबरात न्यू जर्सीच्या मतदारांनी गांजा कायदेशीर करायच्या बाजूने कौल दिला.